मागच्या अ‍ॅक्सलचं प्रकरण

"मानवजातीचा इतिहास म्हणजे दुसरं तिसरं काही नसून ओझं ओढण्याचा इतिहास आहे," असं जावकराव म्हणाले, तेव्हा दादांच्या खोलीत घरचीच सहासात माणसं होती आणि कोणाच्याही तोंडून हूं की चूं निघालं नाही. वाक्य बसलं, असं जावकरावांना वाटलं. तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली,

"ते खरंय हो. पण आपल्याकडे गॅसचा सिलिंडर परवापासून दारातच उभा आहे. तेवढा इतिहास आधी आत ओढा."

जावकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर पाठवायचा, हे त्यांचं काम. कागद एकदा पुढे गेला की त्याचं काय झालं हे विचारायचं नाही, हा त्या विभागाचा धर्म. निवृत्तीनंतर कोणी बागेला लागतं, कोणी नातवंडांना. जावकराव एका जुन्या डिझेल पिकअपला लागले होते. ती पूर्वी एका रोपवाटिकेची होती. तिच्या दारावर 'नाजूक रोपे' ही अक्षरं अजून दिसत, आणि ती वाचून लोक जावकरावांकडे का बघतात हे जावकरावांना कळत असूनही ते कळू देत नसत.

इतिहासाचा विषय निघाला तो होडीवरून. दादा, म्हणजे जावकरावांचे थोरले भाऊ, तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवत. अठरा वर्षं त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या छपरीत एक होडी बांधली. घाई अशी केलीच नाही. होडी झाली, तिच्याखालचा चार चाकांचा गाडाही झाला, आणि त्याच महिन्यात दादांच्या छातीचा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून तीनदा 'हं' म्हटलं आणि वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "राहिलेलं काही असेल तर उरकून घ्या."

राहिलं होतं एवढंच. होडीने पाणी पाहिलं नव्हतं. तलाव अकरा किलोमीटरवर होता.

"मी नेतो," जावकराव म्हणाले. "माझ्या गाडीने. ओढून."

खाटेवरून दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू, बारक्या?"

एकसष्टाव्या वर्षी माणसाला भर बैठकीत बारक्या म्हणू नये. आणि म्हटलंच तर त्यापुढे प्रश्नचिन्ह लावू नये. लहानपणी यांचे वडील म्हणत, थोरल्याच्या कण्यात पोलाद आहे आणि धाकट्याच्या कण्यात आहे ते काय आहे हे डॉक्टरलाच ठाऊक. धाकट्याचा पाय मोडला तेव्हा थोरल्याने त्याला दोन महिने पाठुंगळीला घेऊन शाळेत नेलं होतं. एकदाही कुरकुरला नाही. फक्त रोज शाळेच्या दारात सगळ्यांसमोर 'उतर, बारक्या' म्हणाला. हे दोन महिने जावकराव विसरले नव्हते. यात उपकार किती आणि अपमान किती, याचं वर्गीकरण मात्र चौतीस वर्षं शिक्के मारूनही त्यांना जमलं नव्हतं.

"मोठा ट्रक भाड्याने घ्या ना," बायको वाटेत म्हणाली.

"भाऊ माझा आहे की ट्रकवाल्याचा?"

"भाऊ तुमचा आहे. पण होडी चार टनांची आहे."

हा चार टनांचा आकडा वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी काढला होता. प्राध्यापक आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना गाडी चालवता येत नसे, त्यामुळे गाड्यांविषयी त्यांची मतं अतिशय स्वच्छ होती. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक पिकअप काढली, तिच्यामागे एक होडी काढली, दोहोंमध्ये सात बाण काढले आणि म्हणाले, "जावकराव, तत्त्वतः हे शक्य आहे." तत्त्वतः शक्य असलेल्या गोष्टींनी या जगात जेवढी माणसं रस्त्यावर आणली आहेत तेवढी दुष्काळानेही आणली नसतील, पण जावकरावांनी फक्त 'शक्य' हा शब्द आवक करून घेतला.

पहिल्या प्रयत्नात होडी छपरीतून फाटकापर्यंत आली. फाटकाच्या उंबऱ्याशी गाड्याची चाकं अडली. जावकरावांनी पहिला गिअर टाकला, पाय दाबला, आणि पिकअपच्या पोटातून 'खाड्' असा आवाज आला. लाकूडतोड्याच्या वखारीत ऐकू यावा तसा. इंजिन जोरजोरात फिरत होतं, गाडी मात्र जागची हलत नव्हती. कचेरीचंच वातावरण जणू. खिडकीतून दादा हे पाहत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मेस्त्री आला. हा मेस्त्री गावातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उदास माणूस होता. गाडीखालून सरपटत बाहेर येऊन त्याने टोपी काढली.

"साहेब, अ‍ॅक्सल गेला."

"म्हणजे?"

"मागच्या दोन चाकांना जो दांडा फिरवतो ना, तो. डावा. मधोमध." त्याने टोपी छातीशी धरली. "त्रास काही झाला नसेल त्याला. एका क्षणात गेला."

मेस्त्रीने लेथवर कातकाम करणाऱ्याकडून जाड पोलादाचा नवा दांडा करून घेतला. एक केला तर दुसरा रुसेल, म्हणून दोन केले. पुन्हा फाटक, पुन्हा पहिला गिअर. या वेळी आवाज वेगळा आला, दात खाल्ल्यासारखा. आणि तो दातांचाच होता. दोन दांड्यांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्यातल्या चक्राचे दात गेले होते.

"दांडा आता तुटत नाही ना, म्हणून जोर गोळ्यावर आला," मेस्त्री म्हणाला.

"दात गेले," जावकरावांनी दादांना खिडकीतून सांगितलं.

"माझेही गेलेत," दादा म्हणाले. "मी कुठे गावभर मेस्त्री फिरवला?"

मग एका भंगारातल्या ट्रकचा गोळा आणला. तो पिकअपच्या अ‍ॅक्सलच्या नळ्यात मावेना, म्हणून ट्रकचा अख्खा मागचा अ‍ॅक्सलच बसवला. तो वाकू नये म्हणून त्याच्याखाली लोखंडी पट्ट्यांचा पुलासारखा आधार जोडला. आधाराचं वजन वाढलं म्हणून मागच्या स्प्रिंगचे कमानपाटे चाराचे आठ केले. आठ पाट्यांनी गाडीचं ढुंगण असं उंचावलं की पुढचे दिवे जमिनीकडे बघू लागले. उजेड पडे तो जेमतेम चार पावलांवर, काहीतरी हरवलंय आणि गाडी ते शोधतेय, असा. एवढं सगळं ओढायला इंजिन पुरेना, तेव्हा मेस्त्रीने डिझेलच्या पंपाला हात घालून ताकद वाढवली. गाडी सुरू केली की काळ्या धुराचा एक लोट वर जाई आणि प्राध्यापकांच्या सौभाग्यवती गच्चीवरचे कपडे काढायला धावत. ताकद वाढली आणि इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा पिळवटला. तो बदलला तर क्लच जळाला.

इथे जावकरावांना साक्षात्कार झाला. ते गॅरेजमध्ये उपड्या टायरवर बसले होते, कमरेला त्यांचा कंबरदुखीचा जुना पट्टा होता आणि हातात गार चहा.

"मेस्त्री, हे आमच्या कचेरीसारखं आहे हो."

"काय साहेब?"

"तुटणं. ते कधी संपतच नाही. आपण एक भाग मजबूत करतो, तो सही करून प्रकरण पुढच्या टेबलावर पाठवतो. तोही केला की त्याच्या पुढच्या. कोणीतरी शेवटच्या टेबलावर बसलेला असणारच ना?"

मेस्त्रीने विचार केला. "असतो, साहेब. पण तो रजेवर असतो."

क्लच झाला आणि गाडी खरंच मजबूत झाली. एवढी की ती रस्त्यावर न्यायला परवानगी लागेल असं प्राध्यापकांनी सुचवलं. न सुचवते तर ते प्राध्यापक कसले! जावकराव वाहन कचेरीत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आतल्या कारकुनाने त्यांचा अर्ज घेतला, वाचला नाही, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका पडला. जावकरावांच्या काळजात कळ आली.

चार दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता : 'वाहनाचा मागील भाग वाजवीपेक्षा मजबूत आढळतो. कारण नमूद नाही.'

जावकरावांनी कारण नमूद केलं : 'वडीलबंधूंची होडी पाण्यापर्यंत नेणे.' तीन प्रती.

आठ दिवसांनी ते निरीक्षकांसमोर उभे होते. निरीक्षक सज्जन होते. त्यांनी कारण दोनदा वाचलं.

"होडीची नोंदणी?"

"ती अजून पाण्यात गेलेली नाही, साहेब."

"नोंदणीशिवाय पाण्यात जाणार कशी?"

"आणि पाण्यात गेल्याशिवाय ती होडी आहे हे कशावरून ठरणार?" जावकराव म्हणाले. असं उत्तर त्यांनी चौतीस वर्षांत स्वतः दिलं नव्हतं, पण असली उत्तरं देणाऱ्यांना परत पाठवलं मात्र खूप होतं. निरीक्षकांनीही परत पाठवलं. होडीचा स्वतंत्र अर्ज आला. त्यात 'होडीचे नाव' असा रकाना होता. नाव ठरलेलं नव्हतं. जावकरावांचा हात आपोआप चालला आणि रिकाम्या रकान्यात जे लिहायचं असतं ते त्यांनी लिहिलं : 'निरंक.'

दाखला आला. होडीचे नाव : निरंक. नाव होडीवर ठळक अक्षरांत रंगवणे बंधनकारक.

हे सगळं होईतो सहा आठवडे उलटले होते. इकडे गाडीचा कणा घट्ट होत होता आणि तिकडे दादांची खाट खिडकीच्या आणखी जवळ सरकवली गेली होती. उशाशी श्वासाचं एक यंत्र आलं होतं. ते घोरल्यासारखा आवाज करी.

एका सकाळी वहिनी गॅरेजमध्ये आल्या. त्या कधी कुठे जात नसत, त्यामुळे मेस्त्रीनेही हातोडी खाली ठेवली.

"भाऊजी, एक विचारू?"

"वहिनी, दोनच दिवस. फक्त निरीक्षकांची एक सही—"

"सहीचं नाही. तुम्ही येऊन एकोणीस दिवस झाले."

"गाडीचं चाललंय ना..."

"हो. ते रोज खिडकीतून बघतात. मी म्हणते, होडी आहे ना जागेवर, काय बघायचं? तर म्हणतात, होडीकडे कोण बघतंय." त्यांनी पदर सावरला. "बाकी काही नाही. डॉक्टर काल 'हं' सुद्धा म्हणाले नाहीत."

जावकराव तसेच, ग्रीसच्या हातांनी, दादांकडे गेले. दादा अर्धे झाले होते. ज्या पाठीवर आपण दोन महिने बसलो ती पाठ गादीत कुठे गेली, ते जावकरावांना दिसेना. भावाभावांत एकोणीस दिवसांचा खंड पडला की पहिलं वाक्य फार जड होतं. चार टनांच्या वर जातं.

"किती राहिलंय?" दादांनी विचारलं.

"एक सही."

"माझंही तेवढंच."

दोघंही हसले. मग दादांना खोकला आला आणि जावकराव यंत्राकडे बघत राहिले.

"पाणी देऊ? उठवून बसवू?"

"तुझी कंबर सांभाळ तू," दादा म्हणाले. "माझं तुझी वहिनी बघेल."

सही आली. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. वहिनी आणि जावकरावांच्या बायकोने दादांना उचलून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं. गाडीचं मागचं अंग इतकं वर आलेलं होतं की दादा सीटवरून पुढे घसरत, म्हणून त्यांना दोन उशा आणि वहिनींचं एक जुनं लुगडं यांनी बांधून घातलं. जावकरावांनी कमरेचा पट्टा आवळून उचलायचा अभिनय केला. मागे निरंक. तिच्या नाकावर नाव ताजं होतं, रंग अजून ओला. मेस्त्री गाड्याच्या कडेवर बसला, हातात पाना, चेहरा अंत्ययात्रेचा. प्राध्यापक आणि दोघी बायका मागून रिक्षाने.

फाटकाचा उंबरा आला. जावकरावांनी डोळे मिटून पाय दाबला. काळा लोट उठला, अ‍ॅक्सल हुंकारला, आणि चार टन फाटकाबाहेर आले. असे आले, की फाटकाचा डावा खांबही सोबत आला.

"काही तुटलं नाही!" जावकराव ओरडले.

"खांब तुटला," दादा म्हणाले. "पण तो माझ्या खात्यातला."

अकरा किलोमीटरांत गाडी एकदाही कुरकुरली नाही. तलावाआधीची चढण तिने अशी खाल्ली की मागच्या रिक्षाला सगळा डोंगर काळ्या धुरातून चढावा लागला. जावकराव स्टिअरिंगवर ताठ बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पाठीला पोलाद लागल्यासारखं वाटत होतं. त्यांनी एकदा दादांकडे पाहिलं. दादा रस्त्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते.

"बरी चालवतोस," दादा म्हणाले. एवढंच. पण या दोन शब्दांवर जावकरावांनी मनातल्या मनात शिक्का मारला, आणि तो अजिबात तिरका पडला नाही.

तलावाच्या उतारावर प्राध्यापक दोन्ही हातांनी डावीकडे आणि उजवीकडे एकाच वेळी वळायला सांगत होते. तरीही गाडा पाण्यात गेला. मेस्त्रीने होडीच्या नाकाच्या कडीला दोर बांधून तो पिकअपच्या हुकात अडकवला. होडी गाड्यावरून सुटली, सरकली आणि तरंगली.

अठरा वर्षांचं काम, चार मिनिटं तरंगलं. दोघी बायकांनी डोळे पुसले. प्राध्यापक म्हणाले, "तत्त्वतः..." आणि पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून दिलं. होडी ऐटीत उभी होती. मग थोडी कमी ऐटीत. मग तिचं मागचं टोक, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसं, हळूहळू खाली बसू लागलं.

"पाणी शिरतंय!" मेस्त्री ओरडला. "साहेब, ओढा! भरली तर वजन दुप्पट होईल!"

"तिप्पट!" प्राध्यापक.

जावकराव गाडीत, दादांशेजारी, उडी मारून चढले. खरं तर चढले. उडीचा त्यांचा समज होता. पहिला गिअर. पाय. दोर ताणला, वाजला. काळा धूर. मागे पाण्याने काठोकाठ भरलेली होडी, बारा टनांची म्हणा, आणि पुढे ट्रकचा अ‍ॅक्सल, पोलादाचे दांडे, आठ कमानपाटे, नवा क्लच, तीन प्रतींतली परवानगी. दांडे तुटले नाहीत. दात तुटले नाहीत. दोर, जो सगळ्यांत आधी तुटायचा, तो सुद्धा मेस्त्रीने ट्रकचा आणला होता, तोही तुटला नाही. गाडी आली. डौलात, सहजपणे चढण चढून वर आली.

मागे दोराच्या टोकाला होडीचं नाक होतं. कडी, तिच्याभोवतीचं हातभर लाकूड, आणि त्यावर ओल्या रंगात : निरंक.

बाकीची होडी पाण्याखाली गेली. दोनचार बुडबुडे आले. मग तेही आले नाहीत. मेस्त्रीने टोपी काढली.

जावकरावांनी इंजिन बंद केलं. शेजारी बघायची त्यांची हिंमत होईना. बायका दूर काठावर होत्या, वहिनी तोंडाला पदर लावून. गाडीत दादांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, खरखरीत.

"दादा..."

"आठ दिवस पाणी पाजावं लागतं," दादा म्हणाले.

"काय?"

"वाळलेल्या होडीला. काठाशी अर्धी बुडवून ठेवायची आठ दिवस. लाकूड फुगतं, फटी मिटतात. पोरांना पहिल्या वर्षाला शिकवायचो मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आठ दिवस कुठून आणायचे रे?" दादा पाण्याकडे बघत होते. "चार मिनिटं उभी राहिली ना. मला वाटलं होतं दोन राहील."

हे वाक्य जावकरावांनी आवक करून घेतलं. ते पुढच्या टेबलावर पाठवायची सोय नव्हती.

"तुटणं शेवटी कुणाच्या टेबलावर आलं मग?" दादांनी विचारलं. मेस्त्रीने घरी येऊन सगळी कचेरीची उपमा सांगितलेली दिसत होती.

"तुझ्या."

"मंजूर," दादा म्हणाले, आणि इतके हसले की लुगड्याची गाठ सैल झाली. मग हसणं थांबलं. दोघं पुढे झुकलेल्या गाडीत पुढे झुकून बसले होते. जावकरावांना पुष्कळ बोलायचं होतं. शाळेच्या दाराचं, एकोणीस दिवसांचं. दादांनी हात उचलला. तो त्यांच्या खांद्यावर येऊन थांबला. आयुष्यात दादांनी कोणाकडे काही मागितलेलं जावकरावांना आठवत नव्हतं, म्हणून ते सावरून बसले. आता जे येईल ते शेवटचं असेल, मोठं असेल, आणि ते आपण करायचंच, असं त्यांनी ठरवलं.

"बारक्या."

"बोल, दादा."

"वहिनीला हाक मारू नकोस. मेस्त्रीलाही नको. तूच मला उचल आणि त्या झुडपामागे ने. आणि तो कमरेचा पट्टा आधी घट्ट कर. घाईची लागली आहे."